काकांसाठी जामीनदार

शिंपीकाकांच्या बायकोचं नाव वाचनालयाच्या कॉम्प्युटरमधून काढलं ते ग्रंथपालबाईंनीच, आणि तेही चांगुलपणानं. ती बिचारी जाऊन वर्ष होत आलं, तरी ‘आपल्या सभासदत्वाचं नूतनीकरण करा’ असे तिच्या नावाचे निरोप काकांच्या फोनवर येतच होते. बाईंनी एक बटण दाबलं. कॉम्प्युटरनं लगोलग काकांचंही कार्ड रद्द करून टाकलं, कारण काकांची जामीनदार त्यांची बायकोच होती!

बाईंनी मुख्य कार्यालयाला फोन लावला.

“नवा जामीनदार द्या,” पलीकडचे साहेब म्हणाले. “सभासद हवा, आणि ओळखणारा हवा.”

“मी ओळखते की! रोज येतात.”

“कर्मचारी चालत नाही.”

“तोवर बसू तरी द्यायचं ना त्यांना?”

“कार्डाशिवाय? बाई, नियम तुम्हाला मी सांगायचे?”

बाईंनी फोन ठेवला. घरी वाट बघणारं कुणी नव्हतं, ना काकांच्या, ना बाईंच्या. संध्याकाळी उठताना काका “येतो हं बाई” म्हणायचे. कामाचं नसलेलं असं तेवढंच एक वाक्य दिवसभरात बाईंच्या वाट्याला यायचं.

काकांच्या समोरच्या खुर्चीत वर्षानुवर्षं एक निवृत्त कंडक्टर बसत. बाईंनी त्यांना बाजूला घेतलं आणि काकांना ओळखता ना, असं विचारलं.

“यांना? छे हो! नावसुद्धा ठाऊक नाही मला यांचं.”

“अहो, एका टेबलावर बसता!”

“बसतो. पण बोलू कुठं देता तुम्ही?”

बाई वरमल्या. कुणी जरा मोठ्यानं खोकलं तरी चष्म्यावरून रोखून बघायची त्यांची ख्याती होती.

“मग आता बोला,” त्या म्हणाल्या. “माझ्या केबिनमध्ये बसा, चांगली ओळख करून घ्या आणि सही करा.”

दोघं आत गेले. आधी बराच वेळ नुसत्या खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. मग कंडक्टरांचा आवाज चढला आणि पाठोपाठ काका खो खो हसले. काकांना हसता येतं हे बाईंना आजच कळत होतं. वाचकांनी माना वर करून बाईंकडे पाहिलं. बाईंनी नोकरीत पहिल्यांदाच कानाडोळा केला.

सही झाली, नवं कार्डही आलं. आणि दोघंही यायचे बंद झाले. काका आजारी असतील, परगावी गेले असतील, असं बाई स्वतःला समजावत राहिल्या. शेवटी एका दुपारी काका टवटवीत चेहऱ्यानं काउंटरपाशी उभे.

“बाई, हे कार्ड ठेवून घ्या. आम्ही आता बागेत बसतो. इथं बोलता येत नाही ना! तुम्हीही या की.”

“ड्यूटी असते हो, काका.”

“मग टाका एक दिवस रजा!”

काका गेले. बाईंनी कॉम्प्युटरवर रजेचा अर्ज उघडला. कारण दिलेल्यांतूनच निवडायचं होतं: लग्न, मृत्यू, आजारपण. गप्पांची सोय नव्हती. बाईंनी आजारपण निवडलं. आपण अगदीच खोटं लिहितोय असं काही त्यांना वाटलं नाही.