डाव्या कुशीवरच्या म्हाताऱ्याची बखर

श्रीवाग्देवी प्रसन्न. जिच्या कृपेने आपली भाषा आपोआप येते आणि परकी भाषा रडवून येते, तिचे स्मरण करून, शके १९४६, क्रोधी नाम संवत्सर, आषाढ वद्य अष्टमी, रविवार, ते दिवशी जे वर्तमान घडले ते जैसे घडले तैसे लिहितो.

एक राज्य होते. मुलूख दोन मजल्यांचा, खाली सायकलींचे दुकान, प्रजा एकशे बारा, आणि राज्यात उद्योग एकच की समुद्रापलीकडील एका थंड मुलखाची भाषा शिकावी. गादीवर वसुंधराबाई ओगले, वय साठ, शिस्त कडक, चूक दिसली की चष्मा कपाळावर चढवीत आणि मग वर्गात कोणी खोकत देखील नसे. त्यांनी हुकूम फर्माविला की प्रजेने त्या मुलखाचा एक चित्रपट पाहावा, पडद्याखाली भाषांतराच्या ओळी असणार नाहीत, आणि मग त्याच भाषेत परीक्षण करावे, शंभर शब्दांहून कमी चालणार नाही, आणि जो पहिला येईल त्यास दोन महिने त्या मुलखी राहून भाषा पक्की करण्यास पाठविले जाईल. हुकूम जिन्याजवळ भिंतीवर डकविला आणि त्रेचाळीस जण सिद्ध जाहले.

चित्रपट चौऱ्याण्णव मिनिटांचा. एक म्हातारा अंथरुणास खिळला आहे, त्याची मुले येतात, भांडतात, जातात, आणि म्हातारा अखेरपर्यंत एक शब्द बोलत नाही. प्रजेस शब्द ठाऊक सुमारे सहाशे, तेही धड्यांप्रमाणे, स्टेशन, बाजार, हवामान, हॉटेल, दवाखाना. मत देण्याचे शब्द चौदाव्या धड्यात, आणि चौदावा धडा कोणाचाच जाहला नव्हता. मग ज्यापाशी जे हत्यार होते ते त्याने चालविले. एकाने लिहिले की चित्रपट चविष्ट होता परंतु पंचवीस मिनिटे उशिरा आला. एकीने लिहिले की चित्रपटात सकाळी ढग आहेत, संध्याकाळी थोडे ऊन पडेल. मिहीर टिळेकर म्हणून तेवीस वर्षांचे इंजिनियर होते, हुशार, त्यांनी दोन कोश उघडून दोनशे बारा शब्दांचे परीक्षण रचिले, आणि सर्वांनी मानिले की पहिला मान त्यांचाच.

त्याच राज्यात शेवंताबाई वाघचौरे म्हणून अतिदक्षता विभागातील सिस्टर शिकत होत्या, वय चौतीस. त्या थंड मुलखाच्या एका इस्पितळाने त्यांस नोकरी देऊ केली होती, अट इतकीच की दसऱ्यापूर्वी तोंडी परीक्षा उतरावी. बाई लेखीत उतरत आणि तोंडीत दोन वेळा पडल्या होत्या, कारण परीक्षकापुढे उभे राहिले की जीभ टाळूस चिकटे. आता एकच संधी उरली होती. दोन महिने त्या मुलखी राहून बोलणे जाहले तर जीभ सुटेल, नाही तर जागा दुसऱ्यास जाईल, हे बाईंस पक्के ठाऊक होते. त्यांनीही कागद दिला. त्यात इतकेच होते:

“म्हातारा डाव्या कुशीवर आहे. मुलगा येतो, बोलतो. म्हातारा डाव्या कुशीवर आहे. मुलगी येते, रडते. म्हातारा डाव्या कुशीवर आहे. डॉक्टर येतात, खिडकीतून बाहेर बघतात. कोणी त्याला वळवत नाही. मी वाट बघते. शेवटी कामवाली बाई येते. ती काही बोलत नाही. ती त्याला वळवते. आता म्हाताऱ्याला खिडकी दिसते. चित्रपट संपतो.”

निवाड्यास त्याच मुलखाच्या हेल्गाबाई आल्या होत्या. त्यांनी दरबारात हा कागद दोन वेळा वाचिला आणि बोलल्या, “हा चित्रपट मी चार वेळा पाहिला. खिडकी त्याच्या पाठीमागे आहे, हे मला आज कळलं. पहिला नंबर हाच.” तेव्हा राज्याचे चिटणीस सोपानराव गायधनी यांनी कागद मोजिला आणि हळूच बोलले, “बाई, त्या भाषेत हे अठ्ठावन्नच शब्द भरतात.” वसुंधराबाईंनी चष्मा कपाळावर चढविला. बोलल्या, “मग नाही चालायचं. शेवंता, मला वाईट वाटतंय, पण काल मी सहा कागद याच कारणानं परत केलेत. त्यांना काय सांगू?” मिहीररावही बोलले, “मॅडम, नियम सगळ्यांना सारखा हवा ना.” आणि हे बोलणे काही अन्यायाचे नव्हते.

मग हेल्गाबाई उठून जिन्यापर्यंत गेल्या, भिंतीवरचा हुकूम वाचून परत आल्या आणि म्हणाल्या, “यात शंभर शब्द म्हटलंय. लेखीच पाहिजेत असं कुठे म्हटलंय? उरलेले तिनं बोलून दाखवावेत. त्या सहा जणांनाही तीच सूट.” वसुंधराबाईंनी क्षणभर विचार करून मान्य केले. सहांपैकी दोघे पुढे आले, एक सत्तरावर थांबला, दुसरा एकोणऐंशीवर. मग शेवंताबाई उभ्या राहिल्या, आणि सोपानराव पेन्सिल घेऊन रेघा मारण्यास बसले.

हेल्गाबाईंनी विचारिले, “तिथे तुम्ही असता तर काय केलं असतं?” बाई बोलल्या, “मी वळवलं असतं.” आणि जीभ थांबली. ओठ हालत, शब्द निघेना. सोपानराव बोलले, “एकसष्ट.” मागल्या बाकावर कोणी हसले. बाईंनी पदर मुठीत धरिला, इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि एकाएकी मराठीत बोलल्या, “असं नाही जमायचं. कुणीतरी आडवं व्हा.” कोणी उठेना. “मिहीरदादा, या तुम्ही.” “मी?” “हो, बूट काढा. टेबलावर झोपा. डाव्या कुशीवर.” मिहीरराव लाजत टेबलावर निजले, आणि एक बोलली, “सिस्टर, इंजेक्शनही द्या!” आणि दरबार हसला.

परंतु बाईंनी त्यांच्या खांद्यास हात लाविला मात्र, आणि बोलणे सुरू जाहले, त्याच परक्या भाषेत, दवाखान्याच्या धड्यातल्या शब्दांनी, जैसे त्या रोज वॉर्डात मराठीत बोलतात तैसे. “नमस्कार आजोबा. घाबरू नका. मी तुम्हाला वळवते. हा हात छातीवर ठेवा. गुडघा वाकवा. दुखतंय का? हळू. मी धरलंय, तुम्ही पडणार नाही. माझ्याकडे बघा. श्वास घ्या. झालं. पाठ लाल आहे, मी पुसते. उशी कुठे आहे?” सोपानराव धावत जाऊन खुर्चीवरची उशी घेऊन आले. “इथे, पाठीमागे. दुखतंय का? दोन तासांनी मी पुन्हा येते. तुम्ही बोलला नाहीत तरी येते.” मिहीरराव उजव्या कुशीवर डोळे मिटून पडले होते.

मग वसुंधराबाई बोलल्या, “सोपानराव, किती झाले?” सोपानरावांचे हात रिकामे, पेन्सिल खाली पडलेली. बोलले, “बाई, ऐंशीपर्यंत रेघा आहेत. मग मी बघतच राहिलो, आणि उशी आणायला उठलो.” कोणी म्हणे शंभर नक्की जाहले, कोणी म्हणे जाहले नाहीत, आणि वसुंधराबाई बोलल्या, “मला अंदाज नकोय. आकडा हवाय.” शेवंताबाईंचा चेहरा उतरला, कारण तेच बोलणे पुन्हा बोला म्हटले असते तर त्यांच्याने होणे नव्हते.

तेव्हा टेबलावरून आवाज आला. “एकशे एकोणीस.” मिहीरराव डोळे न उघडता बोलत होते. “मी मोजत होतो.” वसुंधराबाईंनी विचारिले, “पक्कं? हे बघ, तुझा पहिला नंबर जातोय.” बोलले, “माहितीये, मॅडम. ‘दुखतंय का’ त्यांनी दोनदा विचारलं, ते मी एकदाच धरलंय. हवं तर पुन्हा बेरीज करून दाखवतो.” वसुंधराबाईंनी चष्मा खाली घेतला, पुसला आणि बोलल्या, “नको. लिहा, सोपानराव.”

ऐसे वर्तमान घडले. शेवंताबाई पुढील महिन्यात रवाना जाहल्या, मिहीररावांस दुसरा मान मिळाला, आणि हुकुमात “लेखी अथवा तोंडी” हे शब्द वाढविले गेले. मागाहून मिहीररावांस कोणी पुसिले की नंबर हातचा का घालविला, तेव्हा ते बोलले, “टेबलावर खांदा दबून दुखत होता. त्यांनी वळवेपर्यंत मला ते कळलंच नव्हतं.” इतके लिहून लेखणी ठेविली.