वासरांचा असहकार

दुग्ध संशोधन केंद्रातील बारा वासरांनी सोमवारी सकाळी नवा खुराक खाण्यास नकार दिला. ही बाब बुधवारी संचालकांच्या निदर्शनास आणून देण्यात आली. मधला मंगळवार पत्र टाइप होण्यात गेला.

वासरांच्या खुराकात आजवर सोयाबीनची पेंड असे. तिला पर्याय म्हणून वाटाण्याची भरड आणि सूर्यफुलाची पेंड आणली होती. कल्पना चांगलीच होती. फक्त आदेशात ‘जुना खुराक सोमवारपासून पूर्णतः बंद’ असे म्हटले होते. वासरांनी नवा खुराक हुंगला आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

गोठा सांभाळणाऱ्या मावशी संचालकांसमोर उभ्या राहिल्या. “साहेब, हळूहळू बदलू या ना. पहिल्या दिवशी एक मूठ, मग दोन. पंधरा दिवसांत खातील बघा.”

“आदेशात मूठ हे माप नाही,” संचालक म्हणाले.

“पण महिनाअखेर त्यांचं दूध तोडायचंय. तोवर खायला शिकली नाहीत तर जगायची कशी? आमची चिमणी तर आत्ताच उठताना धडपडते.”

चिमणी म्हणजे सगळ्यांत लहान कालवड. तिचा क्रमांक अकरा असल्याने चिमणी नावाच्या वासराची केंद्राकडे नोंद नव्हती. तक्रार निकाली निघाली.

तरीही खबरदारी म्हणून समिती नेमली गेली. दोष खुराकात आहे की वासरांत, हे ठरवायचे होते. सभागृहात पाच सदस्यांपुढे पाच वाट्या मांडल्या. कोरडी भरड कुणाच्याही घशाखाली उतरेना, तेव्हा तिच्यात गूळ आणि वेलची घालण्याचा ठराव झाला. मग सगळ्यांनी वाट्या चाटूनपुसून साफ केल्या. एका सदस्याने घरी न्यायला डबाही भरून घेतला.

“उत्तम आहे की!” अध्यक्ष म्हणाले. “वासरांची मानसिकताच नकारात्मक दिसते.”

त्या संध्याकाळी मावशींनी कोठारातले जुन्या खुराकाचे उरलेले पोते ओढत गोठ्यात आणले. त्यात एकच मूठ नवा खुराक कालवला. चिमणीने नाक मुरडले, थोडा वेळ रुसून पाहिले आणि खाल्ले. दुसऱ्या दिवशी दोन मुठी. पंधराव्या दिवशी बाराही वासरे निव्वळ नवा खुराक खात होती आणि चिमणी गोठाभर उड्या मारत होती.

मावशी धावतच कार्यालयात गेल्या. “साहेब, खातायत! सगळी खातायत!”

संचालकांचा चेहरा उतरला. “आता कसं काय खातायत? अहवाल छापून झालाय. ‘वासरांना अमान्य, माणसांना मान्य’ असा स्पष्ट निष्कर्ष आहे त्यात. तुम्ही कृपा करून कुणाला काही बोलू नका.”

निष्कर्षानुसार कार्यवाही झाली. भरड चकचकीत डब्यांत बाजारात आली. डब्यावर ‘प्रोटीन’ हे नाव आणि पिळदार दंडाचे चित्र होते. गूळ आरोग्याच्या कारणास्तव वगळला होता.

महिन्याभराने मावशींच्या लेकीचा फोन आला. “आई, आम्ही सगळ्यांनी सोमवारपासून प्रोटीन सुरू केलंय. सकाळचं खाणं पूर्ण बंद, फक्त हेच.”

“कसं लागतं गं?”

“भयंकर. हे तर तीन दिवस पोट धरून बसलेत.”

“मग बंद करा की!”

“अगं, बंद कसं करणार? डब्यावर लिहिलंय, सुरुवातीला त्रास होतो म्हणून. त्रास होतोय म्हणजे लागू पडतंय. तू वाचून बघ ना, सगळं व्यवस्थित छापलंय.”

मावशींनी फोन ठेवला. चिमणी येऊन त्यांच्या पदराला तोंड पुसत होती.

“बरं झालं बाई, तुला वाचता येत नाही,” मावशी तिच्या मानेवर हात फिरवत म्हणाल्या, “म्हणून वाचलीस.”