कुंपणातला स्क्रू

घड्याळवाले काका आज दुकान उघडायच्या आधीच डॉक्टरीणबाईंच्या कुंपणात डोकं खुपसून उभे होते. एका डोळ्यावर घड्याळ दुरुस्तीचं भिंग, श्वास रोखलेला. समोरच्या पानावर प्रार्थनाकीटकाची हिरवीगार मादी हात जोडून बसली होती. खालच्या काडीला तिच्या अंड्यांचा कोश चिकटला होता, साबणाचा फेस वाळून घट्ट व्हावा तसा. आत शंभरेक पिल्लं गाढ झोपली असतील! धुक्यात अख्खं कुंपणच झोपेत श्वास घेतंय असं काकांना वाटत होतं. गावाची घड्याळं मिनिटावर आणणाऱ्या या माणसाला किती वाजले याचा पत्ता नव्हता.

जिवाला घोर एकच होता. आज माळीदादा कुंपण कापणार होते. त्याआधी ती काडी अलगद काढून न्यायची, बस्स.

"काका, काय हरवलं?" मागून दूधवाल्यानं विचारलं.

खरं सांगायची सोय नव्हती. गेल्या वर्षी त्यांनी असाच एक किडा एका सद्गृहस्थांना कौतुकानं दाखवला, तर त्यांनी चपलेनं त्याचा पाहुणचार केला होता.

"स्क्रू," काका म्हणाले. "बारीकसा."

"अरेरे! थांबा, मी बघतो." दूधवाल्यानं सायकल उभी केली आणि तो रांगायलाच लागला. त्याला बघून पोस्टमन वाकला, पोस्टमनला बघून शाळेचे मास्तर.

"कुणाच्या घड्याळाचा?" मास्तरांनी विचारलं.

"डॉक्टरीणबाईंच्या," काका बोलून गेले. बाईंचं घड्याळ दुकानात होतं खरं, पण चांगलं टिकटिकत होतं. थापा मारायची सवय नव्हती हो बिचाऱ्यांना.

गलका ऐकून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, मागोमाग मोठी कात्री घेऊन माळीदादाही. "काय? माझ्या बाबांच्या घड्याळाचा स्क्रू?" त्यांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कुंपणच बुडापासून काढा," दूधवाल्यानं तोडगा सुचवला. "स्क्रू जातोय कुठं?"

"कापा हो, माळीदादा," बाई म्हणाल्या.

माळीदादांचा चेहरा पडला. "सगळं?"

"सगळं!"

त्यांनी कात्री उघडली. मादी तशीच हात जोडून होती. आता ती आपल्यालाच विनवतेय असं काकांना वाटलं आणि ते हात पसरून मधे उभे राहिले.

"थांबा! स्क्रू नाही. घड्याळ ठणठणीत आहे. मी खोटं बोललो. इथं बाळं आहेत!"

"कुणाची?" मास्तर दचकले.

काकांनी पानं बाजूला केली. सगळे वाकले. मादीनं आपलं तिकोनी डोकं सावकाश वळवून एकेकाकडे पाहिलं. चपला सगळ्यांच्या पायांतच राहिल्या.

"हे होय!" माळीदादांनी कात्री खाली टाकली. "अहो, दोन वर्षं झाली, असा कोश दिसला की मी तेवढी काडी सोडूनच कापतो. आज बाई रडल्या म्हणून कात्री उचलली, पण जीव तुटत होता माझा."

डॉक्टरीणबाई कुंपणाच्या वर-खाली गेलेल्या कडेकडे बघत राहिल्या. "म्हणजे म्हणून वाकडं कापता? आणि मी दोन वर्षं तुम्हाला डोळ्यांत घालायला थेंब देतेय!"

"घालत होतो की," माळीदादा खालमानेनं म्हणाले. "तुम्ही एवढ्या मायेनं देत होता, नाही कसं म्हणू?"