ओसोयूसची दुसरी खेप

बर्नाबीच्या घरून ओसोयूसचं वाळवंट म्हणजे पाच तासांचा रस्ता, आणि तो आपल्याला डोळे मिटून येतो, असं हेमचंद्र सरदेशपांड्यांनी मेव्हणीला सांगितलं. पंचाहत्तरीच्या माणसाने डोळे उघडे ठेवून गाडी चालवली तरी पुष्कळ झालं, असं उमाच्या मनात आलं असणार. पण ती नागपूरहून दुखवट्याला आली होती, म्हणून गप्प बसली.

खरी गोष्ट अशी, की हेमचंद्र उभ्या जन्मात तिथे गेले नव्हते.

त्यांची बायको जयंती, म्हणजे उमाची ताई, फेब्रुवारीत गेली. तिला कॅनडातलं ते एवढंसं वाळवंट बघायचं होतं, आणि त्याच्या अलीकडचा ठिपक्याठिपक्यांचा तलाव. हेमचंद्र दरवर्षी म्हणायचे, पुढच्या समरला नक्की. आधी नोकरीतली पुलांची कामं होती, मग रिटायरमेंट आली, मग बेसमेंटचं फ्लोअरिंग. अशी सव्वीस वर्षं गेली. आणि आता मे महिन्यात उमा आल्या आल्या म्हणाली, ताईने तुमच्या त्या ट्रिपचं फोनवर इतकं वर्णन केलं होतं, मला तेवढं एक दाखवा.

कुठली ट्रिप, हे शब्द हेमचंद्रांच्या अगदी ओठांवर आले होते. पण गेलेल्या बायकोला खोटं कसं पाडायचं? त्यांनी मुकाट्याने गाडी काढली.

वाटेत प्रिन्स्टन गावाशी ते चुकीच्या रस्त्याला लागले आणि अर्धा तास भलतीकडेच गेले. मागच्या वेळी इथे हा फाटाच नव्हता, असं त्यांनी ठोकून दिलं. पुढे तलाव आला, पण ठिपके बेपत्ता. चार तलावांसारखा पाचवा, निळाशार आणि काठोकाठ भरलेला. कुंपणाला धरून उमा बराच वेळ बघत राहिली. पाणी आटलं की मग ठिपके उघडे पडतात, हे शेजारच्या एका गोऱ्या आजोबांनी सांगितलं, तेव्हा ‘तेच म्हणत होतो मी’ असं म्हणून हेमचंद्रांनी मान डोलावली. त्यांनी चकार शब्द काढला नव्हता.

वाळवंटाच्या दाराशी पोचतात न पोचतात तोच पाऊस सुरू झाला. काउंटरवरच्या मुलीने हसून विचारलं, “फर्स्ट व्हिजिट?”

दिवसभर खोटं बोलून हेमचंद्र दमले होते. “येस, फर्स्ट टाइम,” ते बोलून गेले.

उमाने नागपुरात तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं.

फळ्यांची पायवाट सुरू झाली. दोन्हीकडे खुरटी झुडपं भिजत होती. उंटाचा किंवा वाळूच्या टेकडीचा पत्ता नव्हता. थोडं चालल्यावर तिने विचारलं, “मग ताई कोणाबरोबर आली होती, भाऊजी?”

“कोणाबरोबरच नाही. मी तिला कधी आणलंच नाही गं.” त्यांनी डोळे टिपले. “तुम्हाला माहेरी काय वाटेल, म्हणून सांगितलं असेल तिने.”

उमा कठड्याला टेकून उभी राहिली. तिचेही डोळे वाहत होते. पाऊस होता म्हणून बरं.

“काय सांगायची ती?” हेमचंद्रांनी विचारलं. “मला सांग ना सगळं.”

मग उमा पुढे झाली आणि हेमचंद्र मागून चालू लागले. इथे ताईला ऊन लागलं. इथे आडवा आलेला साप तुम्ही नुसत्या हटकण्याने पळवलात. त्या वळणावर ताईने दशम्या सोडल्या आणि तुम्ही चार खाल्ल्यात. हेमचंद्र प्रत्येक जागी थांबून नीट बघून घेत होते.

“एवढंच?”

“एक राहिलं,” उमा म्हणाली. “ताई म्हणायची, त्या अख्ख्या दिवसात ह्यांनी एकदाही घड्याळ बघितलं नाही.”

परतीचा रस्ता पाच तासांचा होता. हेमचंद्रांनी वर सरकवलेली बाही हळूच मनगटावरच्या घड्याळावर ओढली.