गच्चीवरचं लडाख

पपांनी आयुष्यात एकदाच डेअरिंग करायचं ठरवलं आणि त्यात राडा माझ्यामुळे झाला, असं घरात सगळे बोलतात. (आमच्या घरात सगळं माझ्यामुळेच होतं. नळाला पाणी आलं नाही तरी आई आधी माझ्याकडे बघते.)

बेलापूरच्या सिडको कॉलनीत आल्यापासून दर सुट्टीत आम्ही गावाला जातो, आंबे खातो, पोट बिघडवतो आणि परत येतो. यंदा पपा जेवताना बोलले, "यंदा गाव नाही. लडाख. चारच दिवस, पण ॲडव्हेंचर."

आई पोळी वाढता वाढता थांबली. "ते कुठे आलं?"

"वर, डोंगरात. थंड वाळवंट आहे."

"थंड की वाळवंट? एक काय ते सांगा, मला बॅगा भरायच्यात."

पपांना एक काय ते सांगता आलं नाही, म्हणून आईने दोन्ही भरलं. स्वेटर, शाली, कानटोप्या आणि वर पिशवीभर कांदे. (खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही म्हणे.) बर्फात कांदे घेऊन फिरणारं आमचं पहिलंच खानदान असणार.

मी मात्र जाम खूश. नववीतला माझा मुक्काम वाढला होता, त्यामुळे कॉलनीत इज्जत अशी काही उरली नव्हती. मी नाक्यावर सगळ्यांना सांगून टाकलं, आपण लडाखला चाललो. बाजूच्या दिवाळे कोळीवाड्यातल्या कान्हाला तर याकवर बसून फोटो काढणार हे पण सांगितलं. आता नाही गेलो तर नाक्यावर कुठल्या तोंडाने उभा राहणार?

आणि नेमकं पपांना ऑफिसात कोणीतरी घाबरवलं. संध्याकाळी तोंड पाडून आले. "तिथे हवा विरळ असते. धड श्वास घेता येत नाही. कॅन्सल करू या."

मग मी एक फेकली. "पपा, मिलिटरीवाले आधी प्रॅक्टिस करतात. नाकाला कपड्यांचा चिमटा लावून जिने चढतात. कमी हवेची सवय होते."

(समोर दोरीवर चिमटे दिसले, म्हणून चिमटे. बादली दिसली असती तर बादली सांगितली असती.)

पपांचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी पहाटेच त्यांनी माझी चादर ओढली आणि पहिला चिमटा माझ्याच नाकाला लावला. मे महिन्यात स्वेटर, कानटोपी, पाठीला पिशवी. आधी चार मजले वर-खाली, मग खाडीच्या रस्त्याने चालायचं. तिथे नेमका कान्हा भेटला, आईची मासळीची पाटी घेऊन.

"नाक कशाला दाबलंस रं?" तो बोलला. "आमच्या गावचा वास येतंय का तुला? परवा आमच्याच घरी सुकट खाल्लंस, तवा नाय आला."

"अरे, लडाखची प्रॅक्टिस आहे."

"मंग तिकडं जाऊन दाब ना. हिकडं हवा फुकट हाय."

पण पपा ऐकतात कोणाचं? जिने झाल्यावर त्यांना वाळवंट आठवलं. "वाळूत पाय रुततात. त्याची पण सवय हवी." बाजूला नवीन बिल्डिंग चालू होती, तिथला वॉचमन मारोती थोडी रेती न्या बोलला. न्या म्हणजे मी. पोत्यातून, चार मजले, नाकाला चिमटा लावून. गच्चीच्या अर्ध्या भागात पपांचं वाळवंट तयार झालं.

उरलेल्या अर्ध्या भागात सरस्वतीकाकूंचे पापड होते. या सेक्रेटरींच्या मिसेस. मे महिन्यात गच्ची बायकांची असते, कोणाचं वाळवण कुठल्या दिवशी हे सोसायटीच्या नियमांपेक्षा कडक असतं. त्या दिवशी काकूंचे उडदाचे पापड, नुकतेच घातलेले, ओलसर, साड्यांवर ओळीने.

पपा गॉगल लावून रेतीत फेऱ्या मारत होते. मधेच थांबले. "तिथे वारा पण फार असतो म्हणे."

आता सांगा, एवढा चान्स कोण सोडणार? मी खाली पळालो, टेबल फॅन आणला, जिन्यातल्या बोर्डातून वायर ओढली आणि पपांच्या पायाशी लावून फुल स्पीडला सोडला. पपा रेतीत गायब. मी हसून हसून लोळत होतो, तेवढ्यात खाडीवरचा वारा सुटला आणि ते अख्खं वाळवंट उठून काकूंच्या पापडांवर जाऊन बसलं.

आवाज ऐकून काकू वर आल्या, मागे त्यांचा मुलगा पोपट. हा माझ्याच वर्गातला, म्हणजे आता पुढच्या वर्गातला. पपा चिमट्यातून काहीतरी माफी मागत होते, ती कोणालाच कळली नाही. काकूंनी एक पापड उचलला, कोपरा चावला. दातांखाली करकर झाली.

"कुरकुरीत झालेत काकू," मी बोललो.

हे एक वाक्य मी गिळलं असतं तर आज याकवर असतो.

"पाऊस तोंडावर आलाय," काकू शांतपणे बोलल्या. (त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.) "आता परत डांगर कुटायचं, लाटायचं. कोण करणार?"

पपांनी चिमटा काढला. "हा करील. आम्ही परवा निघतोय, याला ठेवून जातो."

"पपा, टूरमधली माझी सीट फुकट जाईल," मी शेवटचा ट्राय मारला.

"फुकट कशाला?" काकू बोलल्या. "पोपट आहे की. तो मला मदत करणार होता, आता सुटला."

आई माझी बाजू घेईल असं वाटलं. आई बोलली, "दोघं मापाला सारखेच आहेत. स्वेटर होईल त्याला."

गेले सगळे. मी काकूंच्या किचनमध्ये डांगर कुटतोय, लाट्या करतोय, लाटतोय. खांदे गेले कामातून. कान्हा येऊन खिडकीतून बघून हसून गेला. दिवस संपता संपता काकूंनी माझा एक पापड उजेडाला धरला आणि बराच वेळ फिरवून बघितला.

"हा काय आकार म्हणायचा?" त्या बोलल्या. "पोपट परत आला की त्याच्याकडून नीट शिकून घे. तो काय गोल लाटतो. पुढच्या मे महिन्यात पण तुलाच बसायचंय."