पाहून ऊर भरून आला

"येतेस का आत?" स्मृतिभवनाच्या पायरीवरून मास्तरांनी विचारलं.

"मी इथेच बरी," बाकावर बसलेली बायको म्हणाली. "आणि किनाऱ्याकडची चारची बस शेवटची आहे. उद्या पहाटे आपली परतीची गाडी. आज समुद्र राहिला, तर राहिलाच म्हणा."

"अगं, अर्ध्या तासाचं तर काम!"

हे अर्ध्या तासाचं काम लग्नानंतरच्या पहिल्या सहलीपासून चालू होतं. मास्तर शाळेत इतिहास शिकवायचे. ते निवृत्त झाले, पण इतिहासाने काही त्यांचा पिच्छा सोडला नाही. सहल बायकोने ठरवायची आणि वाट मास्तरांनी वाकडी करायची. डोंगर बघायला निघावं आणि कुठल्यातरी नेत्याचं जन्मघर बघून परतावं, असं कितीदा झालं. समुद्र तर तीनदा हुकला. तिसऱ्यांदा तो दोनच गल्ल्या पलीकडे होता, लाटांचा आवाजही येत होता, आणि मास्तर एका सेनानीचे बूट बघत होते. बायको सुरुवातीला त्यांच्याबरोबर आत यायची, मग दाराशी थांबायला लागली, आणि गेली दहा वर्षं ती बाहेरच्या बाकावरून हलत नव्हती.

बरं, मास्तर तरी मन लावून बघायचे म्हणावं, तर तसंही नाही. दुसऱ्या दालनातच त्यांचे पाय भरून येत. मग ते थेट अभिप्रायाची वही गाठत. खरा जीव त्या वहीत! नेता कोणीही असो, चष्मा, दौत आणि छत्री तिथे असणारच, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होतं. त्यामुळे अभिप्राय तोंडपाठ होता: "थोर पुरुषाचा चष्मा, दौत व छत्री पाहून ऊर भरून आला." खाली वेळ, लफ्फेदार सही आणि 'निवृत्त शिक्षक'.

इथली वही नेत्याच्या मेजाला खेटूनच होती, मध्ये नुसती एक दोरी. जवळचं लिहायचं तर मास्तरांना चष्मा काढावा लागे. त्यांनी तो काढून दोरीपलीकडे मेजावर ठेवला आणि ऊर भरून आल्याचं लिहून टाकलं. सही पुरी होते न होते तोच मागून सहलीचा एक घोळका आला आणि मास्तरांना ढकलत पुढच्या दालनात घेऊन गेला. ते भिंती चाचपत परतले तेव्हा चष्मा मेजावरच होता. पण आता तो मधोमध, मखमलीच्या तुकड्यावर विराजमान झाला होता, आणि शेजारी पाटी होती: 'नित्य वापरातील चष्मा'.

मास्तरांनी हात पुढे केला. पहारेकरी धावत आला.

"ओ आजोबा, दोरीच्या आत हात नाही घालायचा!"

"अहो, माझा चष्मा आहे तो!"

"सगळ्यांचाच आहे. देशाचा आहे."

आवाज चढले, तसे व्यवस्थापक यादी घेऊन आले. "हे बघा, यादीत चष्मा एक. मेजावर चष्मा एक. तुमचा असता तर दोन नसते का झाले?"

"अहो, पण मी आलो तेव्हा इथे चष्मा नव्हताच!"

"नव्हता? मग हे काय?" व्यवस्थापकांनी वही त्यांच्या नाकाशी धरली. "तीन वाजून दहा मिनिटं. चष्मा पाहून ऊर भरून आला. सही आपलीच ना?"

"ते मी... न बघताच लिहिलं."

"न बघता? शिक्षक होतात ना तुम्ही?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. तेवढ्यात एका गृहस्थाने आपल्या मुलीला उचलून धरलं. "बघ बाळा, काडी मोडली तर पांढरा दोरा गुंडाळून तोच चष्मा वापरायचे. केवढा हा साधेपणा!" तो दोरा बायकोने गेल्याच महिन्यात गुंडाळला होता.

"माझ्या बायकोला बोलवा," मास्तर ओरडले. "ती ओळखेल."

पहारेकरी तिला घेऊन आला. दहा वर्षांनी तिने अशा दालनात पाऊल टाकलं होतं. तिने दोऱ्याकडे बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. पावणेचार झाले होते.

"यांचा आहे म्हटलं, तर काय?" तिने विचारलं.

"तर अर्ज लिहा. समितीचे सदस्य पाचला येतील. तोवर दोघांनी थांबायचं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"तर काय, निघा तुम्ही."

"यांचा नाही," ती म्हणाली.

"अगं! अगं, तो दोरा..." मास्तर म्हणत राहिले. तिने त्यांचा दंड धरला आणि त्यांना ओढतच पायऱ्यांवरून खाली आणलं. फाटकाशी पहारेकऱ्याने तिला गाठलं.

"मावशी, फार उपकार झाले. खरा चष्मा वर्षापूर्वी झाडताना माझ्या पायाखाली गेला. आज ना उद्या नोकरी जाणार होती बघा."

"उपकार कसले? मला बस पकडायची होती," ती म्हणाली.

बस मिळाली. ऊन अजून पुरतं उतरलं नव्हतं तोवर ते किनाऱ्यावर पोहोचले. बायकोने चपला काढून मास्तरांच्या हातात दिल्या आणि ती पाण्यात जाऊन उभी राहिली. चष्म्याशिवाय मास्तरांसमोर नुसतं राखाडी धुकं होतं आणि त्यातून गार वारा येत होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना काहीतरी खरोखर बघावंसं वाटलं.

"कसा आहे गं?" त्यांनी विचारलं.

तिने साडी जरा वर खोचली.

"सांग ना. काय काय दिसतंय?"

"तुम्हाला कशाला दिसायला हवंय?" तिने मागे न बघता म्हटलं. "ऊर भरून आला म्हणून लिहून टाका."

आणि ती आणखी दोन पावलं पुढे गेली. तिथून पुढे ती मास्तरांना दिसेना.