दुजोरा मिळालेले बाबा

माणूस तीन ओळींत उभा करायला मला चार मिनिटं लागतात. ही बढाई नाही, हिशेब आहे. एकतीस वर्षं मी दैनिकात बातम्या लिहिल्या. बेपत्ता झालेले, सापडलेले, निवडून आलेले, छपरावरून पडलेले असे सगळे मी उंची, बांधा, चेहरा आणि अंगातले कपडे एवढ्या सामग्रीवर उभे केले. माझ्या बातमीबद्दल खुलासा छापावा लागला तो फक्त दोनदा. तेव्हा स्वतःच्या वडिलांचा चेहरा तयार करणं जड जाईल, असं मला वाटलंच नव्हतं.

प्रकरण सुरू झालं ते सकाळच्या चहाच्या वेळी. आई एक्याऐंशीची आहे. कपाकडे बघत ती म्हणाली, "अरे, यांचा चेहरा येत नाही रे डोळ्यांपुढे."

"कुणाचा?"

"तुझ्या बाबांचा. कालपासून बघतेय. खोकला ऐकू येतो, चपला ऐकू येतात. चेहऱ्याच्या जागी काहीच नाही."

ती रडली नाही. चष्मा सापडत नसला की सांगते, तसंच सांगितलं. पण त्या दिवशी तिनं चहा अर्धा टाकला. दुसऱ्या दिवशीही टाकला. तिसऱ्या दिवशी घेतलाच नाही.

बाबांना जाऊन तेवीस वर्षं झाली. घरात फोटो कमी नाहीत, सतरा अल्बम आहेत. पण कॅमेरा बाबांचा होता आणि तो ते कुणाच्या हाती देत नसत. त्यामुळे सतरा अल्बममध्ये आम्ही सगळे आहोत, शेजारी आहेत, एक अनोळखी कुत्रा चार वेळा आहे. बाबा आहेत ते फक्त जमिनीवर पडलेल्या सावलीच्या रूपात. लग्नातला एक फोटो होता, मुंडावळ्यांनी अर्धा चेहरा झाकलेला. तो दाखवला तर आई म्हणाली, "हा मुलगा आठवतो मला. ज्यांच्याशी संसार केला ते म्हातारे कुठे गेले?" राहता राहिलं त्यांच्या नोकरीचं ओळखपत्र. त्यावर नखाएवढा फोटो होता आणि कचेरीनं शिक्का बरोबर तोंडावर मारला होता. शिक्क्याच्या बाहेर उरला होता एक डावा कान.

आमच्या वर्तमानपत्रानं एक सॉफ्टवेअर घेतलं आहे. अपघात कसा झाला, आग कशी लागली, हे हलत्या चित्रांतून दाखवण्यासाठी त्यात माणसं तयार करतात. सुरुवातीला पडद्यावर कंपनीचा एक आयता माणूस येतो. वय तीस, छाती दाराएवढी, जबडा चौकोनी, आणि आयुष्यात कधी रांगेत उभा राहिल्याची खूण अंगावर कुठेही नाही. त्याच्या शेजारी दोनशे चौदा पट्ट्या. पट्टी सरकवली की नाक वाढतं, खांदे उतरतात, पोट सुटतं. एकट्या नाकाला अकरा पट्ट्या! गेम बनवणारे त्यातून राक्षसांशी लढणारे वीर काढतात. मला एक निवृत्त भांडारपाल काढायचा होता.

"रविवारपर्यंत बाबा तयार!" मी बायकोला सांगितलं.

"अहो, मोरीतला नळ गेल्या रविवारपर्यंत तयार होणार होता," ती म्हणाली.

मी दुर्लक्ष केलं. कामाची माझी एक शिस्त आहे. एकानं सांगितलेली गोष्ट मी छापत नाही. दुसऱ्यानं, पहिल्याशी न बोलता, तिला दुजोरा द्यावा लागतो. तोच नियम मी इथेही लावला. बातमीदार स्वतः साक्ष देत नाही, म्हणून साक्षीदार तीन. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, हा रस्ते बांधणारा निवृत्त इंजिनिअर. ताई एका शाळेची मुख्याध्यापिका. आणि काका, बाबांचे धाकटे भाऊ, वय चौऱ्याऐंशी. ते बाबांना अण्णा म्हणत. आईला विचारण्यात अर्थ नव्हता. तिला आठवत नाही म्हणून तर हा खटाटोप होता.

तिघांना वेगवेगळे फोन केले. एकमेकांशी बोलायची बंदी घातली.

"बाबांचं नाक कसं होतं?"

"माझ्यासारखं," दादा म्हणाला. "सगळे म्हणतात."

"माझ्यासारखं," ताई म्हणाली. "दादाचं आईवर गेलंय."

"अण्णाचं नाक म्हणजे आमच्या घराण्याचं नाक," काका ओरडले. "माझं बघ ना!"

या तिघांची नाकं शेजारी शेजारी ठेवली तर ती एकाच प्राण्याची वाटणार नाहीत. मी लिहिलं, 'नाक: दुजोरा नाही.'

मिशी दादाच्या मते भरघोस होती. ताईच्या मते पेन्सिलीनं ओढल्याइतकी. काका म्हणाले, "मिशी? कुणाला?" उंचीचं तसंच. दादा पाच फूट दहा इंच म्हणाला, ताई पाच फूट सहा. काका म्हणाले, "माझ्यापेक्षा उंच." काकांपेक्षा आमच्या घरातला फ्रिजही उंच आहे.

शुक्रवारी मी सगळा मजकूर तपासला. दोन साक्षीदारांनी स्वतंत्रपणे मान्य केलेल्या गोष्टी तीनच निघाल्या. कान, करडा स्वेटर आणि चष्मा. कानाला तर कागदोपत्री पुरावाही होता. ज्याला दुजोरा नाही ते बदलायचं नाही, हे ओघानंच आलं. त्यामुळे उरलेल्या सगळ्या पट्ट्या कंपनीनं ठेवल्या होत्या तिथेच राहिल्या.

रविवारी दुपारी सगळे जमले. आई आतल्या खोलीत आडवी झाली होती. मी बाहेरच्या खोलीत मोठा पडदा लावला आणि बटण दाबलं.

पडद्यावर तीस वर्षांचा पैलवान उभा होता. त्याला बाबांचे कान होते. करडा स्वेटर छातीवर उसवायच्या बेतात होता. सॉफ्टवेअरकडे एकाच तऱ्हेचा चष्मा होता, वैमानिकाचा काळा, तो डोळ्यांवर होता. मुठी वळून तो संथ श्वास घेत होता.

"कोण हा?" काकांनी विचारलं.

"बाबा."

"कुणाचे?"

"अहो," बायको हळूच म्हणाली, "हे तर घराची झडती घ्यायला आल्यासारखे दिसतायत."

दादा उठला. "वेडा आहेस का तू? नाक बदल! मी सांगतो तसं कर."

"दुसरा साक्षीदार?"

"अरे, मी थोरला मुलगा आहे!"

"म्हणजे एक साक्षीदार झाला."

दादानं माझ्याकडे बघितलं, मग ताईकडे. दोघं खिडकीशी जाऊन कुजबुजली. परत आली तेव्हा ताई शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशी उभी राहिली. "नाक दादासारखंच होतं. मला आत्ता आठवलं."

"आणि मिशी बारीक होती," दादा छताकडे बघत म्हणाला. "पेन्सिलीनं ओढल्यासारखी."

हा सौदा होता, हे न कळायला मी काही कालचा वार्ताहर नाही. पण नियम पाळला गेला होता. साक्षीदार दोन, विधान एक. मी पट्ट्या सरकवल्या. मग काका रुसले. त्यांना भुवया मिळाल्या. भुवयांच्या बदल्यात त्यांनी ताईला हनुवटी दिली. हनुवटी गेली म्हणून दादानं पोट मागितलं. तासाभरात वाटण्या पुऱ्या झाल्या आणि पडद्यावर जो उभा राहिला, त्याच्यासारखा इसम मी एकतीस वर्षांच्या अपघातांतसुद्धा पाहिला नव्हता. प्रत्येक अवयवाला दोघांचा दुजोरा होता!

तेवढ्यात आई दारात आली. पडदा बघून तिनं घाईघाईनं केस सारखे केले.

"पाहुणे कधी आले? चहा विचारलात का कुणी?"

ताईनं तोंड फिरवलं. सांगायचं माझ्यावर आलं.

"आई, हे बाबा आहेत."

ती जवळ आली. चष्मा पुसून पुन्हा बघितलं.

"नाही रे," ती म्हणाली. मग आम्हा चौघांकडे एकेक करून बघितलं. "म्हणजे तुम्हालाही आठवत नाहीत."

मी बंद करायला हात पुढे केला.

"थांब," आई म्हणाली. "ती मिशी काढ आधी. फौजदार दिसतायत."

मी मिशी काढली.

"नाक एवढं पुढे नव्हतं. मागे घे. अजून. बास! आता ते गाल. गाल कुठले यांना? कमी कर."

दादा काही म्हणायला गेला. आईनं नुसता हात वर केला. मी असे संपादक पाहिले आहेत. कोरा कागद दिला तर त्यांना एक ओळ सुचत नाही, पण दुसऱ्याचा मजकूर पुढे ठेवला की लाल पेन थांबत नाही. आईला बाबा आठवत नव्हते. बाबा कसे नव्हते, हे मात्र तिला पक्कं माहीत होतं. छाती उतरली, खांदा एका बाजूला कलला, डोळ्यांखाली दोन सुरकुत्या आल्या. "एवढ्या नको, डावीकडची जास्त. त्या कुशीवर झोपायचे." काळा चष्मा गेला. कपाळ वर सरकलं. माझा हात पट्टीवर होता, पण काम ती करत होती. दुजोऱ्याचं मी विसरून गेलो.

तिनं ओठ थोडे मिटायला सांगितले. मी मिटले.

"अण्णा!" काका म्हणाले आणि रुमाल शोधायला लागले.

ताई रडत होती. दादा नाकाला हात लावून बसला होता. मलाही आता दिसत होतं. दर महिन्याच्या प्रगतिपुस्तकावर सही करताना दिसायचा, तो हाच चेहरा. आईनं खुर्ची ओढली आणि पडद्यासमोर बसली.

"जरा हसरे कर ना रे," ताई नाक पुसत म्हणाली.

मी ती पट्टी शोधली आणि थोडी सरकवली. आई दचकली.

"हे कोण आता? हसवू नकोस! परत परके दिसतात."

मी पट्टी मागे घेतली.

"हं," आई म्हणाली. "आता सगळे बाहेर जा."

"का गं?"

"मला बोलायचंय यांच्याशी. आणि दार ओढून घ्या."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. बायको चहाचे कप घेऊन उभी होती. दादानं साठीचा मान विसरून दाराला कान लावला. काकांना काही ऐकू येत नव्हतं, ते सारखं त्याचा शर्ट ओढत होते.

"काय म्हणतेय रे वहिनी?"

"रागावतेय," दादा म्हणाला.

"फार?"

"मध्ये श्वाससुद्धा घेत नाहीये."

"आणि तो?"

"तो काय बोलणार, काका? गप्प उभा आहे."

काकांनी शर्ट सोडला आणि समाधानानं चहाचा कप उचलला.

"मग अण्णाच आहे तो."